पसरलं म्हणजे विसरण झालं, असं नाही

माझ्या संशोधनाच्या विषयाचं मराठी नाव घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आजी म्हणाली, "विसरण मोजतेस? मग सुरुवात माझ्यापासूनच कर. सकाळपासून चष्मा सापडत नाहीये." तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या घरात माझी पीएचडी म्हणजे विसरभोळेपणाचा अभ्यास.

शाळेच्या पुस्तकातलं विसरण म्हणजे डिफ्यूजन. कण आपापले इकडेतिकडे भटकतात आणि त्या भटकण्यातून, जिथे जास्त आहेत तिथून जिथे कमी आहेत तिकडे हळूहळू पसरतात. वायूत होतं, पाण्यात होतं, आणि घट्ट, टणक, हलूच नये असं वाटणाऱ्या घन पदार्थातही होतं. मी हे तिसरं मोजते. मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर वापरते, म्हणजे अणूंना त्यांच्या वजनानुसार वेगळं काढून मोजणारं यंत्र.

आजची पोस्ट नेहमीसारखी 'हे कसं चालतं' एवढीच नाही, थोडी टीकेची आहे. कुणा एका पेपरवर नाही. एका आकृतीवर, जी माझ्या क्षेत्रातल्या पेपरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसते, आणि जी मी स्वतःही काढली होती. आडव्या अक्षावर खोली नॅनोमीटरमध्ये, उभ्या अक्षावर अणूंचं प्रमाण. मोजलेले ठिपके, त्यांवरून जाणारी गुळगुळीत रेघ, आणि कोपऱ्यात एक आकडा: डी, म्हणजे विसरण गुणांक. ठिपके रेघेवर छान बसलेले असतात. वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो.

माझं म्हणणं एवढंच, की त्या आकृतीत जे पसरलेलं दिसतं ते सगळं विसरण नसतं. आणि त्यातलं किती विसरण आहे हे त्या एका आकृतीवरून सांगताच येत नाही.

आधी उदबत्ती

ही सवय आपल्याला शाळेतच लागते. विसरणाचं उदाहरण काय? कोपऱ्यात उदबत्ती लावली की वास घरभर पसरतो. पाठ केलंय सगळ्यांनी.

जरा हिशोब करू. वासाचे रेणू हवेत विसरणाने जातात तेव्हा त्यांचा गुणांक साधारण ०.१ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद असतो. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलेला नियम सांगतो, की एका दिशेत गेलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी म्हणजे दोन गुणिले डी गुणिले वेळ. आमच्या हॉलमधल्या देव्हाऱ्यापासून स्वयंपाकघर ४ मीटर, म्हणजे ४०० सेंटीमीटर. ४०० चा वर्ग १,६०,०००. भागिले ०.२. उत्तर ८ लाख सेकंद, म्हणजे नऊ दिवसांहून थोडं जास्त. चतुर्थीला गणपतीपुढे लावलेल्या उदबत्तीचा वास नुसत्या विसरणाने स्वयंपाकघरात पोचेपर्यंत विसर्जनाची तयारी सुरू झालेली असेल.

पण वास तर मिनिटाभरात पोचतो. कारण उदबत्तीच्या टोकाशी हवा तापून वर चढते, पंखा फिरत असतो, दारातून कुणीतरी ये-जा करत असतं. वास हवेबरोबर वाहून जातो. हे अभिसरण. विसरणाचा वाटा फक्त शेवटच्या, अगदी बारीक अंतरात.

आमच्याकडे एमआयडीसीत २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला होता, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. तो रंगही पाण्याबरोबर आणि टायरला लागून पसरला होता, विसरणाने नाही. दिसायला सगळं सारखंच: एका ठिकाणी होतं, ते आता लांबपर्यंत आहे. पसरलेलं दिसणं ही खूण आहे. कारण कोणतं, ते वेगळं शोधावं लागतं.

आता यंत्र

घन पदार्थात विसरण फार सावकाश होतं, म्हणून ते मोजणं कायम कष्टाचं राहिलंय. लंडनच्या टांकसाळीत धातूंची परीक्षा करणाऱ्या रॉबर्ट्स-ऑस्टेनने १८९६ मध्ये शिशात सोनं किती आत शिरतं हे मोजलं, ते शिशाचे काप काढून प्रत्येक कापात किती सोनं आहे हे तपासून. १९२० च्या सुमाराला हेवेशीने किरणोत्सारी शिसं वापरून शिशाचं शिशातच होणारं विसरण पाहिलं. तत्त्व आजही तेच आहे: काप काढा, कापात काय आहे ते मोजा. फक्त आपले काप आता नॅनोमीटरचे झालेत.

पद्धतीचं नाव सेकंडरी आयन मास स्पेक्ट्रोमेट्री, बोलताना 'सिम्स'. निर्वात कक्षात सॅम्पल ठेवायचं. त्यावर सीझियमच्या किंवा ऑक्सिजनच्या आयनांचा बारीक झोत मारायचा. हे आयन काहीशे ते काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने आदळतात. पृष्ठभागावरचे अणू उडतात, त्यांतले थोडे विद्युतभारित होऊन बाहेर पडतात. ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ओढून घ्यायचे आणि वजनाप्रमाणे मोजायचे. झोत मारत राहिलं की खड्डा खोल होत जातो. कोणत्या क्षणी कोणते अणू आले याची नोंद म्हणजेच खोलीनुसार रचना.

या पद्धतीचं कौतुक करावं तेवढं थोडं. दहा लाखांत एक इतक्या, आणि काही मूलद्रव्यांसाठी त्याहूनही कमी प्रमाणातला अणू ती शोधते. शिवाय ती समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, वेगळी ओळखते. मी ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन कसा फिरतो ते बघते. सगळा ऑक्सिजन सारखाच दिसतो, मग कुठला अणू कुठून आला हे कसं कळणार? निसर्गात ऑक्सिजन-१८ फक्त ०.२ टक्के असतो. तो मुद्दाम भरपूर घातलेला एक पातळ थर सॅम्पलमध्ये पुरायचा, सॅम्पल भट्टीत ठेवायचं, आणि नंतर हा १८ नंबरचा पाहुणा किती लांब गेला ते सिम्सने बघायचं. १६ आणि १८ रासायनिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे वागतात, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर घेतलं की बऱ्याच अडचणी आपोआप कटतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जॉन किलनर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऑक्सिजनसाठी ही वाट पक्की केली, आणि आजही आम्ही सगळे त्याच वाटेने चालतो.

तर यंत्र उत्तम आहे. प्रश्न आपण त्याला काय विचारतो आणि त्याचं म्हणणं कसं लिहून घेतो, याचा आहे.

पहिली गडबड: वेळेला खोली समजणं

यंत्र खोली मोजतच नाही. ते वेळ मोजतं. सगळं झाल्यावर आपण खड्ड्याची एकूण खोली सुईच्या प्रोफायलोमीटरने बघतो, तिला एकूण वेळेने भागतो, आणि खणण्याचा वेग सगळीकडे सारखाच होता असं धरून प्रत्येक सेकंदाला एक खोली देतो.

कल्याणहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलचा विचार करा. एकूण अंतर आणि एकूण वेळ माहीत आहे, म्हणून वेग काढला. आता कुणी विचारलं, की निघाल्यावर पंधराव्या मिनिटाला गाडी कुठे होती? हिशोब म्हणेल मुंब्र्याला. प्रत्यक्षात गाडी दिव्याच्या फाटकापाशी उभी, आणि दारातले लोक घड्याळ बघतायत. सरासरी वेग बरोबर, जागा चूक.

सॅम्पलमध्ये वेगवेगळे थर असले की प्रत्येक थर वेगळ्या वेगाने खणला जातो. अगदी सुरुवातीचे काही नॅनोमीटर तर वेगळेच वागतात, कारण झोतातले आयन पृष्ठभागात साठून समतोल यायला वेळ लागतो. आणि विसरणाची लांबीच दहावीस नॅनोमीटर असेल, तर हे 'सुरुवातीचे काही' म्हणजे चिल्लर नव्हे. तरीही खड्ड्याची खोली कशी मोजली, वेग थरागणिक तपासला का, हे एका ओळीतही न सांगणारे पेपर मी वाचलेत.

दुसरी गडबड: खणताना खाली ढकललेली माती

ही माझ्या मते जास्त गंभीर. विहीर खणताना कुदळीचा घाव बसला की वरची माती थोडी खाली जाते, कडांची माती तळाशी पडते. मग तळातून उचललेली घमेली भरून 'ही माती एवढ्या खोलीची' असं म्हणालात, तर थोडं खोटं बोललात.

सिम्समध्ये तसंच. घन पदार्थातले बंध काही इलेक्ट्रॉन व्होल्टचे, आणि येणारा आयन हजारोंचा. तो नुसता वरचा अणू उडवत नाही, खालच्या अणूंनाही धक्के देतो आणि त्यांना आणखी खोल ढकलतो. त्यामुळे अगदी धारदार कडेचा थरसुद्धा मोजताना पसरट दिसतो. मागच्या बाजूची शेपटी पुढच्या बाजूपेक्षा लांब येते, कारण आपण अणूंना पुढे ढकलतच पुढे जातो. यात खड्ड्याच्या कडेवरून येणारे अणू आणि खणताना तळाला येणारा खडबडीतपणा मिळवा. म्हणजे भट्टीचं तोंडही न पाहिलेल्या सॅम्पलचं चित्र 'विसरण झालंय' असंच दिसतं.

आता सोपे आकडे घेऊ. समजा, भट्टीत न घातलेल्या तुकड्यात थराची रुंदी (पसाऱ्याचा सिग्मा) ८ नॅनोमीटर दिसते. एक तास तापवलेल्या तुकड्यात १० दिसते. फक्त दुसरा आकडा घेतला, तर विसरण १० च्या वर्गाच्या, म्हणजे १०० च्या प्रमाणात. पण रुंद्या अशा सरळ बेरजेने जमत नाहीत, त्यांचे वर्ग जमतात. म्हणून खरं विसरण १०० वजा ६४, म्हणजे ३६ च्या प्रमाणात. आपला डी जवळपास २.८ पट फुगला.

'२.८ पट ना? विसरणात लोक दहाच्या पटीतच बोलतात,' असं मला एका सिनियरने सांगितलं होतं. मलाही पटलं होतं. पण ही चूक सगळीकडे सारखी नसते, आणि तिथेच खरा घोटाळा आहे.

कारण आपण एकाच तापमानाला थांबत नाही. वेगवेगळ्या तापमानांना डी मोजून आऱ्हेनियसचा आलेख काढतो. त्याच्या उतारावरून अणूला एक उडी मारायला किती ऊर्जा लागते ते मिळतं. पेपरच्या सारांशात जातो तो हाच आकडा. समजा दुसरा तुकडा ९०० केल्विनला तास भर ठेवला आणि खरा पसारा ४० नॅनोमीटर झाला. यंत्राचे ८ त्यात मिसळून दिसेल ४०.८. चूक फक्त ४ टक्के. ७०० केल्विनच्या तुकड्यात खरा पसारा ६, दिसतो १०, चूक २.८ पट. म्हणजे वरच्या तापमानाचा बिंदू जागेवर राहिला, खालचा उचलला गेला, आणि रेघ आडवी झाली. हिशोब केला तर खरी ऊर्जा १.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि पेपरात छापली जाईल ०.७६.

मग ही रेघ पुढे ओढून कुणीतरी म्हणतं, आता खोलीच्या तापमानाला, ३०० केल्विनला, काय होईल ते सांगतो. तिथे दोन्ही रेघांमधला फरक जवळजवळ १००० पट होतो. ७०० केल्विनला दुर्लक्ष करण्याजोगी वाटलेली चूक वर्षांच्या आयुष्याचा अंदाज करताना शतकांची होते. आणि दोन्ही वेळी ठिपके रेघेवर सुरेखच बसलेले असतात! म्हणून 'फिट चांगला आहे' हा युक्तिवाद मला आता पटत नाही. फिट चांगला असणं म्हणजे आकार जुळला. आकाराचं कारण त्यातून कळत नाही.

माझी आकृती

हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. दुसऱ्या वर्षी मी अशीच आकृती काढली होती. बीमचे स्लॉट मोजके, सॅम्पल सहा. न तापवलेला तुकडा मोजण्यात एक स्लॉट घालवावासा वाटला नाही. त्यात 'काही झालेलंच नाही', मग मोजायचं काय? पाच तापमानं झाली, रेघ सरळ आली, कॉन्फरन्ससाठी सारांश पाठवला. घरी पेढे आणायचेच बाकी होते.

लॅब मीटिंगमध्ये मॅडमनी आकृती बघितली आणि एकच विचारलं, "हे न तापवलेल्यात किती रुंद दिसतं?"

"मॅडम, ते मोजलं नाहीये."

"मग हे विसरण आहे की आपलं यंत्र, हे तुला कसं कळलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या स्लॉटला तो तुकडा मोजला. सर्वांत कमी तापमानाच्या सॅम्पलची आणि त्याची रेघ एकमेकींवर ठेवली तर वेगळी ओळखू येईना. तो बिंदू म्हणजे मोजमाप नव्हतंच, तो यंत्राचा ठसा होता. सारांश मागे घेतला, प्रकरण तीन पुन्हा लिहायला घेतलं. त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

वजाबाकी वर सांगितली तेवढी सोपी नसते, हेही तेव्हाच कळलं. यंत्राचा ठसा सममित नसतो, मागची शेपटी लांब असते, त्यामुळे फिट केलेल्या रुंद्यांचे वर्ग वजा करून नेहमी भागत नाही. मिसळण, खडबडीतपणा आणि माहिती येण्याची खोली या तिन्हींना धरून झिगफ्रीड हॉफमन यांनी मॉडेल मांडलेलं आहे. त्यात अख्खी प्रोफाइल बसवावी लागते. झोताची ऊर्जा बदलून दोनदा मोजावं: पसारा ऊर्जेबरोबर बदलला तर तेवढा भाग यंत्राचा, कारण सॅम्पलमधल्या विसरणाला आपला झोत माहीत नसतो. जमलं तर सॅम्पल मागून खणावं. खरी शेपटी जागेवर राहते, यंत्राची शेपटी दिशा बदलते. हे सगळं माहीत असलेलं ज्ञान आहे. थरांचे संदर्भ नमुने वापरून खोलीचं मोजमाप सुधारायचं आयएसओ मानकही आहे. सेमीकंडक्टरवाले लोक याबाबत फार काटेकोर असतात, कारण त्यांची चूक थेट चिपमध्ये दिसते. आळस आहे तो आमच्यासारख्या, आकडा छापून पुढे जाणाऱ्यांमध्ये.

आणखी एक: वजनाचाही घोटाळा होतो. ऑक्सिजन-१८ चं वजन १७.९९९, आणि ऑक्सिजन-१६ ला दोन हायड्रोजन चिकटले की १८.०११. दोन्ही 'अठरा'च. ते वेगळे करायला मास स्पेक्ट्रोमीटरची विभेदन क्षमता सुमारे १६०० लागते. तेवढी ठेवली नाही तर सॅम्पलवरचा ओलावा ऑक्सिजन-१८ म्हणून मोजला जातो. आपल्याकडच्या जुलैत सॅम्पल उघडं ठेवून बघा.

खाडीवरचं काँक्रीट

'हे नॅनोमीटरचे लाड आहेत, याने कुणाचं काय बिघडतं,' असं वाटत असेल तर लोकलमधून उतरून ठाण्याच्या खाडीकडे बघा.

मानखुर्द-वाशी मार्गावरचा पहिला ठाणे खाडी पूल १९७३ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रीस्ट्रेस केबलना लागलेला गंज हा आपल्याकडच्या पूल अभियंत्यांच्या चर्चेतला नेहमीचा धडा. १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला. खारं पाणी आणि खारी हवा यांतलं क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरतं. ते सळईपर्यंत पुरेसं पोचलं की गंज सुरू होतो, गंज फुगतो, काँक्रीटचे पापुद्रे निघतात. पोचायला किती वर्षं, हा प्रश्न विसरणाचा. चांगल्यापैकी काँक्रीटमध्ये डी एका सेकंदाला एका चौरस मिलिमीटरचा दहालाखावा भाग या घरात धरला, तर ५० वर्षांत क्लोराइड काही सेंटीमीटर आत जातं. सळईवरचं काँक्रीटचं कव्हरही काही सेंटीमीटरच असतं. म्हणजे डी मध्ये दोन-तीन पट चूक म्हणजे पुलाच्या वयात दशकांची चूक.

नेहमीची पद्धत अशी: काँक्रीटची थराथराने पूड काढायची, प्रत्येक पुडीतलं क्लोराइड टायट्रेशनने मोजायचं, आणि फिकचा १८५५ चा नियम बसवायचा. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट ओलं होतं, सुकतं, पुन्हा ओलं होतं. सुकताना ते खारं पाणी टिपकागदासारखं ओढून घेतं. बाहेरच्या पहिल्या थरात क्लोराइड वाहून आलेलं असतं, विसरणाने आलेलं नसतं. उदबत्तीचीच गोष्ट. म्हणूनच प्रमाणित पद्धतीत अगदी बाहेरचा थर फिटमधून वगळतात. खाडीकाठी तो 'बाहेरचा थर' किती जाड धरायचा हा निर्णय मात्र माणसाचा, आणि अहवालात तो निर्णय लिहिलेला असायला हवा.

इथेही मास स्पेक्ट्रोमेट्री आलीये. लेझरने काँक्रीटचा ठिपक्याएवढा भाग उडवायचा आणि ती वाफ आर्गॉन प्लाझ्मामधून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये न्यायची. पुडीत न दिसणारं त्यात दिसतं: क्लोराइड सिमेंटच्या भागात असतं, खडीत जवळजवळ नाही. आपली खडी म्हणजे काळा दगड, बेसॉल्ट. लेझरचा ठिपका खडीवर पडला तर आकडा शून्याजवळ, सिमेंटवर पडला तर मोठा. एकाच काँक्रीटचे दोन 'खरे' आकडे. जास्त बारीक मोजलं म्हणजे जास्त खरं मोजलं, असं नाही. सरासरी कशाची घेतली हे सांगितलं नाही तर बारीक नकाशाही फसवतो. शिवाय क्लोरीनचं आयनीभवन आर्गॉन प्लाझ्मामध्ये अवघड, त्यामुळे सिग्नल मुळातच कमकुवत. या पद्धतीची भलामण करणाऱ्यांनी हेही तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहावं.

खाडीच्या पलीकडच्या टोकाला

याच खाडीच्या काठावर, ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या एका कामाचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण त्यात आकड्याकडून नको तेवढी अपेक्षा केलेली नाही.

आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत इंधन झिर्कोनियम मिश्रधातूच्या प्रेशर ट्यूबमध्ये असतं. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या जड पाण्याने ट्यूब थोडी गंजते, त्यात सुटलेला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, काही प्रमाणात धातूत शिरतो. तो जास्त झाला की धातू ठिसूळ होतो. म्हणून ट्यूबच्या आतून धातूची पातळ खरवड घेतात, अगदी दुधाच्या पातेल्याची घेतो तशी. आधी वरचा ऑक्साइड खरवडून बाजूला करायचा, मग खालचा धातू घ्यायचा, कारण ऑक्साइडमधला ड्यूटेरियम धातूच्या हिशोबात यायला नको. खरवड निर्वातात तापवायची, निघालेला वायू क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये न्यायचा. वजन २, ३ आणि ४ ची मोजणी झाली की साधा हायड्रोजन किती, ड्यूटेरियम किती, हे वेगळं कळतं. इथे कुणी सुंदर वक्ररेषा काढत नाही. 'या जागी एवढा आहे', इतकंच विधान. पण ते विधान पक्कं.

आणि नुसत्या वक्ररेषेवर विसंबणं इथे का परवडत नाही, याचं उदाहरण कॅनडात आहे. १ ऑगस्ट १९८३ ला पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीतली एक प्रेशर ट्यूब फाटली. ट्यूब खाली वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली होती, तो भाग थंड झाला होता, आणि हायड्रोजन आजूबाजूच्या गरम धातूतून त्या थंड जागी गोळा होत गेला. तिथे हायड्राइडचे फोड झाले. शाळेतलं विसरण म्हणतं जास्तीकडून कमीकडे. इथे अणू जिथे आधीच जमले होते तिथेच आणखी जमत होते, कारण त्यांना तापमानातला फरक हाकत होता. म्हणजे पसरलेलं सगळं विसरण नसतं, आणि विसरण म्हणजे दर वेळी पसरणंही नसतं.

आता मी काय बघते

आता असा पेपर हातात आला की मी आधी आकृती बघत नाही, पद्धतीचा परिच्छेद शोधते. न तापवलेल्या तुकड्याची प्रोफाइल त्याच आलेखावर आहे का? खड्ड्याची खोली कशी मोजली, आणि वेग सगळीकडे सारखा धरला असेल तर कशाच्या भरवशावर? झोताची ऊर्जा बदलून बघितलंय का? शेपटी दिसत असेल आणि तिला 'ग्रेन बाउंडरीतलं विसरण' म्हटलं असेल, तर खड्ड्याच्या कडा आणि मिसळण यांचा संशय आधी दूर केलाय का? सर्वांत कमी तापमानाचा बिंदू यंत्राच्या ठशापेक्षा किती वेगळा आहे? यांतलं काही नसलं तरी पेपर टाकून देत नाही. पण त्यातला डी 'याहून जास्त नाही' अशी वरची मर्यादा म्हणून वहीत लिहिते, उत्तर म्हणून नाही.

लेखकांकडून मागणी एकच: एक स्लॉट त्या 'काही न झालेल्या' तुकड्यासाठी राखा. बीमचा वेळ महाग असतो, रांग मोठी असते, हे मी दर महिन्याला अनुभवते. पण पाच तापमानांचे अर्धे खरे बिंदू छापण्यापेक्षा चार तापमानं आणि एक कोरा तुकडा, हा सौदा नक्की फायद्याचा आहे. आणि परीक्षकांनी तो मागितलाच पाहिजे. माझ्या मॅडमना जो प्रश्न अर्ध्या मिनिटात सुचला, तो विचारायला मोठं पांडित्य लागत नाही.

माझं प्रकरण तीन सध्या चार बिंदूंचं आहे. पाचवा तिथेच आहे, पण बाणाने: 'याहून कमी'. रेघ पूर्वीइतकी देखणी नाही आणि ऊर्जेचा आकडा वाढलाय. मॅडमनी त्यावर अजून सही केलेली नाही, मागून खणलेली प्रोफाइल आणायला सांगितलीये. स्लॉट पुढच्या गुरुवारी. ते झालं की ग्रेन बाउंडरीवर लिहीन, बरेच दिवस राहिलंय. आजीला मात्र अजून वाटतं, की मी तिच्यासाठी काहीतरी शोधतेय.